बर्जिल्लयाला विचारले होते

शास्त्रपाठ : २ शमुवेल १९:३१-३९



बर्जिल्लय गिलादी हे नाव आपल्या शब्बाथशाळेच्या चित्रांत सहसा दिसत नाही. गल्याथ दिसतो, झाडात अडकलेला अबशालोम दिसतो. पण त्याच अबशालोमाच्या बंडात राजाला ज्याने तगवले तो ऐंशी वर्षांचा म्हातारा शिक्षकांच्या पाठातून निसटून जातो. दावीद स्वतःच्या मुलाच्या भीतीने यरुशलेम सोडून महनाइमास आला, तेव्हा आणखी दोघांसह हा बर्जिल्लय सामान घेऊन त्याला भेटला. ते सामान काय होते हे सतराव्या अध्यायाच्या शेवटी दिले आहे. ती यादी जरा सावकाश वाचावी. तिच्यात पहिले नाव बिछान्यांचे आहे. मग भांडीकुंडी, मग गहू, जव, कडधान्य, मध आणि बाकीचे. दमलेल्या माणसाला जेवणाच्याही आधी पाठ टेकायला जागा लागते, हे ज्याला स्वतःच्या हाडांनी शिकवले त्याचाच या यादीला हात लागला असावा, असे मला नेहमी वाटते.

पुढे युद्ध संपले. राजा परत निघाला आणि त्याला यार्देनेपर्यंत पोहोचवायला बर्जिल्लय रोगलीमाहून खाली उतरून आला. दावीदाने त्याला म्हटले की, माझ्याबरोबर यरुशलेमास चल, तेथे मी तुझा सांभाळ करीन. उपकाराची फेड करण्याची राजाची इच्छा खरी होती. पण म्हाताऱ्याने नम्रपणे नकार दिला. माझे वय झाले, जिभेला चव उरली नाही, गाणाऱ्यांचा आवाज कानांना कळत नाही, मी राजाला भार कशाला व्हावे, असे त्याचे म्हणणे. आपल्या गावी, आईबापांच्या कबरेजवळ मरण यावे एवढीच त्याची इच्छा. तरी त्याने नुसते "नाही" म्हटले नाही. नदी ओलांडून थोडे अंतर मी येतो, असे त्याने आपण होऊन सांगितले. दावीदाने आग्रह लांबवला नाही. नदी ओलांडली, म्हाताऱ्याचे चुंबन घेतले, त्याला आशीर्वाद दिला आणि त्याला त्याच्या घरी जाऊ दिले.

राजाने विचारले, म्हाताऱ्याने उत्तर दिले आणि राजाने ते उत्तर मानले. एवढ्याच गोष्टीवर आज मला बोलायचे आहे, आणि तेही एका अगदी साध्या कामाच्या संबंधाने : ज्यांना चालवत नाही अशा आपल्या आईला किंवा वडिलांना चाकांच्या खुर्चीत बसवून एक दिवस शहरात फिरवून आणणे.

हा काय प्रवचनाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु आईबापांना मान देण्याची आज्ञा (निर्गम २०:१२) सीनायच्या पायथ्याशी जमलेल्या मोठ्या माणसांना दिली होती. लहान मुलांना पाठ करण्यापुरती ती नव्हती. ज्यांना ती मिळाली ते लोक रानात चालत होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे म्हातारेही चालत होते. प्रभू येशूने या आज्ञेचा अर्थ किती रोखठोक घेतला हे मार्काच्या सातव्या अध्यायात आहे. आईबापांना जे द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे, कर्बान आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने सोडले नाही. मान म्हणजे पाया पडणे नव्हे. त्यात पैसा, वेळ आणि अंगमेहनत येते.

आपल्या घरांत काय चालते ते पाहू. आपण आपल्या म्हाताऱ्यांना उपाशी ठेवत नाही. औषधे वेळेवर देतो. मागच्या खोलीत पंख्याखाली त्यांची खाट असते, आणि "आम्ही त्यांना फुलासारखे जपतो" असे आपण अभिमानाने सांगतो. ते खोटेही नसते. पण त्याच खाटेवरच्या माणसाने तीन-तीन वर्षे घराबाहेरचा रस्ता पाहिलेला नसतो. दवाखाना सोडून तो कोठे गेलेला नसतो. जिना आहे, गर्दी आहे, लघवीची अडचण आहे, पडले तर काय. अशी कारणे आपण देतो, आणि प्रत्येक कारण खरे असते. त्या खऱ्या कारणांची मिळून एक भिंत उभी राहते. जपणे आणि कोंडणे यांच्यामध्ये जी रेघ आहे ती फार पातळ आहे, बंधूंनो, आणि कोंडणाऱ्याला ती दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्यांचा नकार असतो. "कशाला बाबा, तुमची धावपळ." हा नकार ऐकून आपण मनातून सुटल्यासारखे होतो आणि विषय तेथेच संपतो. आता हा नकार बर्जिल्लयाचा आहे काय? असेलही. खरोखर ज्याला घरीच राहायचे आहे त्याला सक्तीने सहलीला नेणे ही सेवा नव्हे. दावीदाने तसे केले नाही. पण पुष्कळदा तो नकार नसतोच. आपण भार झालो आहोत की काय, ही ती भीती असते. दोहोंत फरक कसा ओळखावा? बर्जिल्लयाच्या उत्तरातच त्याची खूण आहे. यरुशलेमास नको, पण नदीपलीकडे थोडे चालेल, असे तो सांगू शकला. म्हणून "येता का?" एवढेच विचारून थांबू नये. "किती दूरवर येववेल? कोठे जावेसे वाटते? किती वेळ?" असे विचारावे. होय आणि नाही यांच्या मध्ये यार्देनेचा दुसरा काठ असतो, आणि बहुतेक म्हाताऱ्यांना तेथपर्यंत यायचे असते.

हैदराबादेतील एका कुटुंबाचे सांगतो. नावे सांगण्याचे कारण नाही. आईंचे वय ब्याऐंशी. जालन्याकडून लग्न होऊन त्या या शहरात आल्या. त्यांच्या लहानपणी मराठवाडा हैदराबाद राज्यातून १९५६ साली वेगळा झाला असला, तरी आपल्या लोकांची या शहराशी असलेली सोयरीक तुटली नव्हती. पुष्कळ वर्षे त्यांनी शब्बाथशाळेत मुले शिकवली. मांडीचे हाड मोडल्यापासून मात्र पाच वर्षे त्या घरातच होत्या. मुलाने एका शनिवारची रजा काढली आणि मोठ्या उत्साहाने बेत आखला : सकाळी गोवळकोंडा, दुपारी सालारजंग संग्रहालय, मग चारमिनार, संध्याकाळी हुसेनसागर. गोवळकोंड्याला शेकडो पायऱ्या आहेत हे सुनेने त्याच्या लक्षात आणून दिले. शिवाय तिने आणखी एक गोष्ट केली. सासूबाईंना विचारले.

"आई, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं?"

"नको गं बाई. कुठं मला घेऊन फिरता?"

"बरं, सगळीकडे नको. पण एकच ठिकाण म्हटलं तर?"

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "लाड बाजार." नातीसाठी लाखेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या, आणि त्या स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पेन्शनच्या पैशातून, भाव करून. पाच वर्षे त्यांनी पैशाला हात लावलेला नव्हता. सगळे काही आणून मिळत होते. मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि रिबका पाहीन. जमलं तर."

ही रिबका म्हणजे सालारजंग संग्रहालयातील संगमरवरी मूर्ती. जोव्हान्नी मारिया बेंत्सोनी या इटालियन शिल्पकाराची ती कृती. पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोममध्ये ती विकत घेतली. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात इसहाक शेतातून येताना दिसतो तेव्हा रिबका उंटावरून उतरून बुरखा घेते. तो क्षण या मूर्तीत आहे. दगडातून कोरलेला बुरखा इतका तलम दिसतो की त्याच्या आडून चेहरा ओळखू यावा. आईंनी ही मूर्ती नवी नवरी असताना पाहिली होती आणि पुढे तोच धडा वर्गात कितीदा तरी शिकवला होता.

बेत बदलला. चार ठिकाणांची दोन झाली. त्या आधीच्या आठवड्यात मुलगा एकटाच जाऊन वाट पाहून आला. मोशेने कनान देशात हेर पाठवले होते, मग आईला घेऊन जाणाऱ्याने एक फेरी आधी का मारू नये? हैदराबादेची मेट्रो २०१७ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत, डब्यात व्हीलचेअरसाठी जागा आहे, आणि फलाट व डबा एका पातळीत असल्याने खुर्ची सरळ आत जाते. पण स्थानकातून बाहेर पडल्यावर काय? लिफ्ट उत्तम, आणि तिच्यापुढची पायवाट विजेच्या खांबापाशी संपलेली, असा मुलाचा अहवाल होता. म्हणून महात्मा गांधी बस स्थानकापर्यंत मेट्रो आणि पुढे टॅक्सी, असे ठरले. टॅक्सी बोलावतानाही एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. पुष्कळ गाड्यांच्या डिकीत सीएनजीचा नळकांडा बसवलेला असतो, आणि घडी केलेली खुर्ची मग मावत नाही. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. लिफ्ट चालू आहे ना, खुर्ची नेता येईल असे स्वच्छतागृह कोठे आहे, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे.

स्वच्छतागृहाविषयी मोकळेपणाने बोललेच पाहिजे. प्रवासात अडचण नको म्हणून आपली म्हातारी माणसे सकाळपासून पाणी पीत नाहीत. कोणाला सांगत नाहीत, नुसता घोट घेऊन पेला खाली ठेवतात. उन्हात याने चक्कर येते, मूत्रमार्गाला त्रास होतो, आणि दोष सहलीला लागतो. म्हणून सहलीचा नकाशा काढताना पहिले चिन्ह तेथे करावे, देखावे मागून. लघवी होण्याची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने बंद करू नये. कपड्यांचा एक जोड बरोबर ठेवावा आणि त्याची वाच्यता करू नये. नोहाच्या दोघा मुलांनी उलट पावलांनी जाऊन बापाला झाकले (उत्पत्ती ९:२३) आणि त्याविषयी कोणापाशी बोलले नाहीत.

खुर्ची ढकलणे हेही शिकावे लागते. उठताना-बसताना दोन्ही चाकांचे ब्रेक लावलेले हवेत आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचललेल्या हव्यात. पट्टीवर पाय देऊन उभे राहिले की खुर्ची पुढे कलंडते. तीव्र उतारावर खुर्ची उलटी फिरवून, आपण खालच्या बाजूला राहून उतरावे. पुढची लहान चाके फरशीच्या फटीत अडकतात, तेव्हा जोर न करता खुर्ची किंचित मागे कलवून ती उचलावी. बसण्याच्या जागी गादी असावी, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने अंग थोडे हलवू द्यावे. अशक्त कातडीला एकाच जागी दाब लागला की जखम होते.

आणि चाल. एसाव याकोबाला म्हणाला, चल, आपण बरोबर जाऊ. याकोबाने नकार दिला (उत्पत्ती ३३:१२-१४). लेकरे कोवळी आहेत, दूध पाजणारी गुरे आहेत, एक दिवस जास्त हाकली तर कळप मरेल. मी त्यांच्या पावलाने हळूहळू येतो. याकोबाच्या चरित्रात वाखाणण्यासारख्या जागा थोड्या आहेत, पण ही एक आहे. चारशे माणसे घेऊन आलेल्या भावाच्या वेगाने तो गेला नाही. लेकरांच्या जागी म्हातारे घाला, आणि सहलीचे वेळापत्रक आपोआप तयार होते.

तो शनिवार कसा गेला? दहा वाजता संग्रहालय उघडताच ते आत गेले. तेथील संगीत-घड्याळ प्रसिद्ध आहे. दर तासाला एक लहानसा दाढीवाला पुतळा बाहेर येऊन टोल देतो, आणि ते पाहायला माणसे जमतात. बारा टोल ऐकायला सर्वांत जास्त. म्हणून यांनी अकराची वेळ धरली होती. तरीही पुढे माणसे उभी राहिलीच, आणि खुर्चीत बसलेल्या आईंना नुसत्या पाठी दिसल्या. आपण उभे असणारे लोक हे विसरतो : बसलेल्याचे डोळे आपल्या कमरेच्या पातळीला असतात. सुनेने पुढच्या लोकांना नम्रपणे सांगितले, वाट झाली, आणि एका शाळकरी मुलाने तर आपली सगळी रांग बाजूला केली. रिबकेपुढे मात्र गर्दी नव्हती. तेथे त्या वीस मिनिटे बसल्या. कोणी घाई केली नाही.

या ठिकाणी मला रिबकेविषयी थोडे अधिक बोलायचे आहे, कारण तिची गोष्ट बुरख्यापाशी संपत नाही. तीन अध्याय पुढे तोच इसहाक म्हातारा झाला आहे, डोळ्यांनी अंध झाला आहे, आणि त्याच रिबकेने याकोबाला हाताशी धरून त्याच्या अंधत्वाचा उपयोग केला. माझ्या मुला, तू कोण आहेस, असे त्याने विचारले आणि त्याला खोटे उत्तर मिळाले. त्याने हात चाचपून पाहिले, वास घेतला; म्हणजे त्याला संशय होता, पण तो परावलंबी होता. घराघरांत हे आजही घडते. "चला, जरा फिरून येऊ," असे म्हणून म्हाताऱ्या बापाला गाडीत घालतात, आणि गाडी नोंदणी कार्यालयापुढे थांबते. किंवा जेथे त्याला ठेवायचे आधीच ठरले आहे त्या आश्रमापुढे. प्रभूने पेत्राला सांगितले होते की, तू म्हातारा होशील तेव्हा दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुला नको तेथे नेईल (योहान २१:१८). ते पेत्राच्या मरणाविषयी होते. आपण ते आपल्या आईबापांच्या रोजच्या जगण्यावर आणू नये. खुर्चीच्या मागच्या मुठी ज्याच्या हातात आहेत त्याच्या हातात फार मोठी सत्ता असते. बसलेल्याला मागचे दिसतही नाही. म्हणून खुर्ची हलवण्याआधी, वळवण्याआधी, दर वेळी सांगावे. कोठे चाललो ते खरे सांगावे.

दुपारी जेवण आणि गाडीतच अर्धा तास विसावा झाल्यावर ते चारमिनारास गेले. १५९१ साली बांधलेल्या त्या वास्तूच्या आतील १४९ पायऱ्या कोणाही खुर्चीला चढता येणार नाहीत, हे सर्वांना ठाऊक होते. खालून पाहिले आणि पुढे गेले. लाड बाजारात दुकानदाराने बांगड्या काढल्या आणि मुलाकडे पाहून विचारले, "अम्मा को कौन सा रंग दिखाऊँ?" असे सगळीकडे होते. हॉटेलात, दवाखान्यात, आणि देवाच्या मंदिरातही लोक खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावरून ढकलणाऱ्याशी बोलतात. मुलगा काही न बोलता दोन पावले मागे सरला. आईंनी आपल्या दख्खनी हिंदीत भाव सुरू केला. पहिला भाव ऐकून त्यांनी खुर्ची वळवायला सांगितली, दुकानदाराने हाक मारली, त्या परत आल्या. पिशवीतून नोटा काढून त्यांनी दोनदा मोजल्या. यरीहोच्या वाटेवर प्रभूने आंधळ्या बार्तीमयाला, मी तुझ्यासाठी काय करावे, असे विचारले (मार्क १०:५१). काय हवे ते तर उघड दिसत होते. तरी त्याने विचारले आणि उत्तर त्याच्या तोंडून येऊ दिले.

चार वाजता आई म्हणाल्या, "आता पुरे." हुसेनसागर वाटेवरच होता, मुलाच्या मनात होते. पण गाडी घराकडे वळली.

आता आपल्या मंडळीकडे येतो. हे कुटुंब संग्रहालयात जाऊ शकले, मेट्रोत बसू शकले. सार्वजनिक जागा अशा माणसांना खुल्या असाव्यात यासाठी २०१६ साली आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला, आणि तो अपुरा का होईना पाळला जात आहे. पण त्याच आई पाच वर्षांत उपासनेला आलेल्या नव्हत्या. पाळक महिन्यातून एकदा घरी जाऊन प्रभुभोजन देतात. ते योग्यच आहे. परंतु घरी का द्यावे लागते? कारण मंदिराला पायऱ्या आहेत. कफर्णहूमास चौघांनी छप्पर उस्तरले, तेव्हा घरधन्याने छप्पर आड आणले असे मार्क लिहीत नाही. आपल्याकडे छप्पर उस्तरायचे नाही. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. एकास बारा असा उतार धरला तर अठरा फुटांचा रॅम्प होतो. तेवढी जागा बहुतेक आवारांत आहे. कडेला धरायला कठडा हवा आणि पृष्ठभाग खडबडीत हवा, नाहीतर पावसाळ्यात घसरेल. साध्या खुर्चीची रुंदी साधारण पंचवीस इंच असते. आपल्या दाराचे एकच दार उघडे असले तर ती अडते, म्हणून रविवारी दोन्ही दारे उघडावीत.

आणखी एक विनंती पंचांना आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांना. खुर्ची आत आली की आपण ती शेवटच्या बाकामागे, चपलांच्या शेजारी उभी करतो. मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता, आणि दावीदाने त्याला स्वतःच्या मेजावर राजपुत्रांच्या बरोबरीने बसवले (२ शमुवेल ९). पुढून तिसऱ्या रांगेतील एक बाक सुताराकडून अडीच-तीन फूट कापून घ्यावे, म्हणजे खुर्ची कुटुंबाच्या शेजारी बसेल. कोठे बसायला आवडेल ते मात्र बाक कापण्यापूर्वी त्या आईंना विचारून घ्यावे.